पोराच्या बोटीवर आठ दिवस

१२ मे, रवि. चिवितावेकिया.

चढलो एकदाचे. बोट कसली, डिचोलीचा बाजार, बसस्टँड आणि वर एक हॉस्पिटल असं एकावर एक ठेवलंय. एकतीस वर्षं आमोण्याची फेरीबोट चालवली मी, पण हिचं पुढचं तोंड कुठलं नि मागचं कुठलं ते कळायला अर्धा तास गेला.

खोलीला जनेल नाही. पडदा आहे. हौसेने ओढला तर मागे भिंत. पाण्यावर आठ दिवस राहायचं आणि पाणी बघायला नऊ मजले वर जायचं! सौ. म्हणाली, "स्टाफाच्या मनशांक सवलतीत आनी किते मेळटले? गप रावा." गप राहिलो.

नितेश ह्याच बोटीवर बेकरीत. चार वर्षं झाली. आठ महिने बोट, दोन महिने घर. "आई-बाबा, एकदा इटली बघून जावा" म्हणून त्यानेच बोलावलंय. आज भेटला, जिन्याजवळ, सहा मिनिटं. पांढरे कपडे, पांढरी टोपी, गाल बसलेले. म्हणाला, "बाबा, तुमच्या जेवणाच्या हॉलात म्हाका येवपाक परवानगी ना." म्हणजे एका बोटीवर असून एका मेजावर जेवायचं नाही. हे कुणी आधी सांगितलं होतं? सौ.ला माहीत होतं म्हणे.

कागदाचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

१३ मे, सोम. नेपल्स.

कागद आला. सकाळी सौ.च्या हातात दिला त्याने, म्हणजे मलाच दिला.

वर्षभर फोनवर चाललंय तेच. मी एकसष्टच्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मलेला. माझा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवला की पुढे पोराला तिथला पासपोर्ट. मग तिकडेच बेकरीत नोकरी. सून जाणार, आमची नात मनवा जाणार. सही डिचोलीला नोटरीसमोर करायची. इथे मी फक्त 'हो' म्हणायचं, की तो वकिलाला कळवणार.

म्हणत नाही. घरात पाच वर्षांच्या पोरीचा आवाज आहे म्हणून घर आहे. ती गेली की मी आणि सौ. समोरासमोर बसून किती वेळ बोलणार? आणि ह्या वयात कागदोपत्री पोर्तुगीज मी का म्हणून व्हायचं? माझं पेन्शन, मतदानाचं कार्ड, त्याचं काय होणार ते कुणी धड सांगत नाही. पोरगा प्रेमाने इटली दाखवतोय खरा, पण पाकिटात कागद घालून.

दुपारी पोम्पेई. लाल छत्रीवाली बाई पुढे, आम्ही मागे, शाळेची सहल. दगडी रस्त्यावर गाड्यांच्या चाकांच्या खाचा पडल्यात, त्या वाकून बघेपर्यंत छत्री पुढच्या वळणावर. एक गोष्ट मात्र हट्टाने बघितली. बेकरी! दगडाची मोठी जाती, आणि भट्टी थेट आमच्या गावच्या पाववाल्या पोदेराची, तसंच कमानीचं तोंड. सौ.ने आत डोकावून शेरा मारला, "आमच्या पोदेरापरस नितळ आसा." मी खूप हसलो. वाटलं, हे नितेशला दाखवावं. तो तेव्हा बोटीत पीठ मळत होता.

१४ मे, मंगळ. मेसिना.

लिहायची लाज वाटते. पण वहीत खोटं लिहिलं तर खरं कुठे लिहायचं?

आज नितेशला सुट्टी होती. आख्ख्या आठवड्यात एकदाच, साडेअकरा ते दीड. बाकी प्रत्येक बंदरात त्याची ड्यूटी. मोठ्या चर्चच्या घड्याळाकडे बाराला भेटायचं ठरलेलं. बाराच्या ठोक्याला तिथला सोन्याचा सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, बघायला सगळं गाव जमतं. मग तिघांनी बसून कुठेतरी जेवायचं. बोलायचं.

साडेनऊला खाली उतरलो तर समोर फेरी! समुद्राची पट्टी ओलांडून पलीकडच्या काठाला जाणारी. आणि नुसत्या गाड्या-माणसं नव्हेत, आगगाडीचे डबे सोडवून फेरीच्या पोटात घालत होते. रूळ थेट बोटीत. मी जागच्या जागी उभा. पलीकडचा काठ दिसत होता, वीस मिनिटं लागतात म्हणाले. मी मनात हिशेब केला: वीस जाताना, वीस येताना, दहा माणसं चढायला. अकराच्या आत परत. सौ.ला म्हटलं, तू बाजार बघ, मी आलोच.

आमच्याकडे फेरी काठाला लागली, माणसं उतरली, चढली, की सुटली. दहा मिनिटांचा खेळ. तोच हिशेब मी इथे लावला. पलीकडे गेल्यावर कळलं की परतीची फेरी गाडीची वाट बघणार, आणि गाडीला उशीर. मग डबे आत घालणार, साखळ्या बांधणार. कधी सुटणार विचारलं तर एका खलाशाने आकाशाकडे हात केला. दुसरी फेरी कुठून सुटते ते विचारायला भाषा नाही. आणि खरं सांगायचं तर पहिला तासभर मी विचारलंही नाही. डबे कसे वळवतात, वजन दोन्ही बाजूंना कसं सारखं ठेवतात, ते बघत होतो. सुकाणूवरचा माणूस दिसला तेव्हा हात वर केला, त्यानेही केला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून इतका खूश नव्हतो.

परतलो तेव्हा दोनला दहा कमी. घड्याळाखालच्या बाकावर सौ. एकटी. बाजूला कागदात बांधलेला भाताचा तळलेला गोळा, माझ्यासाठी ठेवलेला. थंड.

"तो गेलो," म्हणाली. "दीडाक. तुमी वाट चुकले म्हण सांगलें हांवें ताका."

मी फेरी म्हटल्याबरोबर ती समजली. गोळा माझ्यापुढे सरकवला.

१५ मे, बुध. आज बंदर नाही, नुसता समुद्र.

नितेश आला नाही. त्याला भेटायचं तर निरोप ठेवायचा, मग तो जमलं तर येणार. दोन निरोप ठेवले.

न्याहारीला टोपलीभर पाव. ह्यातला कुठला त्याच्या हातचा? एकेक करून चार खाल्ले. सगळे सारखे. आमच्या पोदेराचा पाव आंधळ्यानेही ओळखावा, इथे मला पोराच्या हातचा पाव ओळखता येत नाही. वाढणाऱ्याला विचारलं तर तो हसला आणि आणखी एक टोपली ठेवून गेला. सौ. म्हणाली, "पोट दुखतलें." दुखलं.

माफी मागायची आहे. चार जणांत, जिन्यावर, पाच मिनिटांत कशी मागतात ती?

१६ मे, गुरु. लिव्होर्नो.

बसने पिसाला. मनोरा कलता आहे, फोटोत दिसतो तितकाच. लोक हात वर करून त्याला टेका दिल्याचे फोटो काढतात. एका बाईने मलाही तसं उभं केलं. सौ.ने फोटो काढला नाही.

परत येताना बसमध्ये ती बोलायला लागली. मेसिनाला नितेश काय म्हणाला ते आज सांगितलं. पोरगा पहाटे तीनला उठतो. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत, म्हणून लांब बाह्या घालून भेटतो. मागच्या सुट्टीत घरी गेला तर मनवा आईच्या मागे लपली. पंधरा दिवसांनी जवळ आली, आणि दीड महिन्याने हा परत बोटीवर. "म्हाका बायल-भुरगें एका घरांत जाय," म्हणाला, "खंयच्याय घरांत." गाव सोडायची हौस नाही त्याला, म्हणे.

मी म्हटलं, मग आमोण्याला राहा ना! आमोण्याला काय कमी आहे?

सौ. म्हणाली, "तुमीच सांगा, तो थंय करतलो किते?"

तिकडे तुये गावात फॅक्टरी आहे, म्हटलं. बंद पडलेल्या खाणी परत सुरू होतील, ट्रक घेता येईल. म्हणताना माझं मलाच कळत होतं की ह्यात दम नाही. तिने मान दुसरीकडे वळवली.

१७ मे, शुक्र. जेनोआ.

जुनं बंदर. अरुंद बोळ, दोन्हीकडची घरं इतकी जवळ की वरची बाई समोरच्या घरी भांडं देऊ शकेल. टेकाडावर प्राचीन दीपगृह, अजून चालू. ते जवळून बघावं म्हणून निघालो, आणि धक्क्यावर सौ. भडकली. भर लोकांत!

"तुमकां दिवो दिसता, फेरी दिसता. पोर दिसना!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. मीही आवाज चढवला. तूच त्याच्या बाजूची, म्हटलं, तुम्ही दोघांनी मिळून मला इथे आणलंय, आपल्या घरात बसून विचारायची हिंमत नव्हती. ती म्हणाली, घरी विचारलं की तुम्ही नदीवर जाऊन बसता. इथून कुठे जाणार म्हणून आणलं. तरी गेलात!

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. दीपगृह बघितलंच नाही. बोटीवर परत येऊन जनेल नसलेल्या खोलीत दोघं दोन बाजूंना तोंडं करून बसलो.

संध्याकाळी काउंटरवर गेलो. माझा मुलगा बेकरीत आहे, त्याला काम करताना बघायचंय, म्हटलं. पोरगी गोड बोलली, फॉर्म दिला. फॉर्म भरला. मग म्हणाली, आत बाहेरच्यांना नेत नाहीत. मग फॉर्म कशाला दिला, बये?

१८ मे, शनि.

पुन्हा समुद्र. नितेशचा निरोप: "फाल्यां सकाळीं देंवतना येतां."

उद्या उतरताना त्याला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय. आधी माफी. कागदाचं तो विचारेल तेव्हा बघू.

१९ मे, रवि. सकाळी चिवितावेकिया, आता रोमचा विमानतळ.

आला. दहा मिनिटं होती. सौ. बॅगा मोजायच्या निमित्ताने लांब गेली.

मी म्हटलं, "मेसिनाक हांव वाट चुकलों ना. फेरीर आशिल्लों."

"म्हाका खबर आसा."

"आवयन सांगलें?"

"कोणें सांगपाक जाय? बारा जाले, तुमी ना, तेन्नाच समजलों." रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. टोपी काढून हातात फिरवत होता. म्हणाला, "शाळा सुटली की हांव धक्क्यार येतालों, बाबा. बसून रावतालों. तुमी म्हणताले, राव, एक खेप मारून येतां. मागीर आनीक एक. काळोख जातालो. मागीर हांव एकटोच घरा वतालों. याद आसा तुमकां?"

मला याद नव्हती. काम होतं ते, म्हटलं. लोक खोळंबलेले असायचे.

"म्हजेंय कामूच. हांव तुमकां दोश दिना." मग टोपी डोक्यावर घातली. "पूण मनवाक हांव तशी धक्क्यार बसोवचों ना. तुमी सही करात वा ना करात. कायतरी वाट सोदतलों."

कागदावर हो की नाही, विचारलंच नाही त्याने. आतून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेला.

बसमध्ये जुन्या खेपा आठवत बसलो. धावत येणाऱ्या माणसासाठी मी फेरी थांबवायचो. कधी अर्ध्या पाण्यातून मागे वळवायचो. माझ्या काळात माझ्यामुळे कुणाची फेरी चुकली नाही, असं मी निवृत्तीच्या कार्यक्रमात छाती फुगवून म्हणालो होतो, टाळ्या पडल्या होत्या. रोज काठावर बसलेल्या त्या पोराला मी प्रवासी म्हणून धरलंच नव्हतं. पोरगा मला सोडून जातोय म्हणून आठ दिवस चिडचिड केली. वाईट अजून वाटतंच आहे. मनवा गेली तर ते घर मला खायला उठेल. पण आता रागवायला कुणी उरलं नाही.

विमानाला दोन तास आहेत. कागद शर्टाच्या खिशात.

सौ. आत्ता म्हणाली, "मंगळवारी डिचोलीक वचूया? नोटरी दनपरां आसता."

मंगळवारी मला काम आहे, म्हटलं.

"कसलें काम?"

मी वहीचं पान उलटलं.

"मागीर बुधवारी?"

मी वहीत तोंड घालून हे लिहितोय. ती वाट बघतेय. "बुधवारी," पुन्हा म्हणाली, ह्या वेळी हळू.