झाकून ठेवलेली थाळी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहायला बसलोय, फार उशीर झाला, माफ करा. सातवीपर्यंतचीच शाळा, वाक्य चुकलं तर सांभाळून घ्या. इथे आखातात, सलमानिया हॉस्पिटलच्या वॉर्डात तुमच्या उशाशी बसायचो तेव्हाच बोलायचं होतं. पण तुमचा डोळा लागला की मला सुटल्यासारखं वाटायचं.

माझी मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे, आता तिथलीच नागरिक. आसरा मागत येणाऱ्या लोकांसाठी सगळ्या युरोपने मिळून एक नियम केलाय, त्यात त्यांच्या देशाने सामील व्हावं की नाही, यावर तिच्या गावात शुक्रवारी सभा आहे. मी नियम विचारला. म्हणाली, "सिंपल सांगते बाबा. बोटांचे ठसे घेणार, ते सगळ्या देशांत दिसणार. माणूस पहिल्यांदा जिथे उतरला त्या देशाने त्याचं बघायचं, म्हणजे बहुतेकांना तिकडेच परत. पण निकाल लवकर लागेल, आणि जिथे फार लोक येतात त्या देशाला बाकीचे हातभार लावतील." मग तिने तिच्या वॉर्डातल्या एका माणसाचं सांगितलं. परत धाडतील या भीतीने त्याने स्वतःची बोटं घासून सोलून घेतली होती. मी विचारलं, "वय काय त्याचं?" "तिशीतला असेल. का हो?" म्हटलं, सहज.

वय जुळत नाही, एवढं मला कळतं. तरी तेव्हापासून तुबलीच्या गॅरेजातली ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. जहाजातून पळून आलेला तो माणूस दारात उभा आहे, कपड्यांना जहाजाचं तेल. "मफी जवाज, मफी बेत," एवढंच पुन्हा पुन्हा बोलतोय. तुम्ही हातातला पॉलिश पेपर खाली ठेवता आणि मला म्हणता, "पासपोर्ट नाही, घर नाही म्हणतोय. पोट तरी आहे ना? बसव त्याला." तीन दिवस तो आपल्याबरोबर गाड्यांचे दरवाजे घासतो, दुपारी तुम्ही आपल्या भाताबरोबर त्याचीही थाळी वाढता. त्याच्या बोटांची टोकं आपल्यासारखी गुळगुळीत होतात, ती तो मला हसून दाखवतो.

चौथ्या दिवशी मी सुपरवायझरला सांगितलं. माझा व्हिसा संपत आला होता, मुलगी गावाला नुकतीच जन्मली होती. मी एवढंच बोललो, "मागच्या खोलीत एक माणूस झोपतो." संध्याकाळी पोलीस येऊन त्याला घेऊन गेले, खलास. ज्या बंदरातून चढला तिकडेच त्याला परत पाठवलं, असं कानावर आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याची थाळी वाढून झाकून ठेवलीत. मग ती माझ्यापुढे सरकवलीत. "खा. जागा तुलाच हवी होती ना." मी खाल्ली, मिस्त्री. भूक होती.

इथल्या ओळखपत्राच्या ऑफिसातलं मशीन अजून माझा ठसा घेत नाही. गेल्या वेळी काउंटरवरची पोरगी म्हणाली, "हज्जी, बोटं घरी विसरलात?" मी पण हसलो. आता वाटतं, इथे तसा नियम असता तर निदान कोणीतरी त्याला खुर्चीवर बसवून विचारलं असतं, बाबा रे, कशाला पळालास. मग वाटतं, विचारून परतच धाडलं असतं. रोज सकाळी एक ठरवतो, दुपारी दुसरं. तुम्ही असता तर एका वाक्यात सांगितलं असतंत.

खरी अडचण वेगळीच आहे. मुलीला ही गोष्ट लहानपणापासून माहीत आहे, पण माझ्या तोंडून. त्यात थाळी वाढणारा मी आहे आणि चुगली करणारा दुसराच कोणी. शुक्रवारी ती उभं राहून हेच सांगणार आहे, की माझ्या बाबांनी एकाला आसरा दिला होता, म्हणून माणसाला परत धाडणाऱ्या नियमात आपण जाऊ नये. काल फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचं सांगितलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, इंशाल्ला.

हा कागद गादीखालीच राहणार, दुसरीकडे कुठे टाकू? त्या गोष्टीला तुमचं नाव लावायचं सोडून माझंच लावलं, आता तिला काय सांगू ते लवकर कळवा. शुक्रवारच्या आत कळवा.