कांपिन्यात कोण राहतं?

१२ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस अ. उ. आ.

तुझ्या स्पॅनिशचा खरा हिशेब असा: तुझ्या आईची झोप, शेजाऱ्यांची शांतता आणि भिंतीपलीकडून क्रियापदं ऐकून विटलेले माझे कान. आता वसुली करतो. माझा पाण्याचा फिल्टर तू नोकरी करतेस तिकडच्या खेड्यापाड्यांत निघालाय. खोक्यावर ‘खेड्यांसाठी’ असं स्पॅनिशमध्ये हवं. तुझा जाहिरातवाला साहेब ‘कांपिन्या’ म्हणतो. मी यंत्रं बसवायला तिकडे आलो होतो तेव्हा गोदामात सगळे ‘कांपो’ म्हणत. शाळा सातवीत सुटली, पण धंदा या कानांवर उभा केला. ते चुकत नाहीत. तरी शब्द तू ठरव. खोकं आपलं वाटलं नाही, तर लोक गढूळच पीत राहतील.

माया आहे तशी दाट राहू दे.

मामा

२ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

किळस आली. ‘कांपिन्या’ म्हणजे सहलीच्या चित्रातली हिरवळ; माणूस औषधालाही नाही. साहेबांनी खोक्यावर पांढऱ्या झग्यातली पोरगी आणि शाम्पूने धुतलेलं कोकरू टाकलंय. मी ‘कांपो’ सुचवला, तर नाक मुरडून म्हणाले, त्याला शेणाचा वास येतो. तुझ्या मामांना यंत्रं कळतात, चित्रं नाही. अनुवादक म्हणून सही कर, नाहीतर टेबल रिकामं कर.

सहीआधी बसने एका खेड्यात गेले. हापशावर एक बाई बादली भरत होती, पाणी चहाच्या रंगाचं. तिला ‘कांपो’ म्हणजे कुठलं ते विचारलं, तर तिने शेवटच्या घरापलीकडे गुरं चरत होती तिकडे बोट केलं. ते कांपो, म्हणाली, मी पुएब्लोत राहते. फिल्टर काय गुरांना देणार आहेस?

शब्द ‘पुएब्लो’, मामा, माणसांचं गाव. सही केली नाही. टेबल रिकामं केलं. आईला इतक्यात सांगू नका.

रागावलात तरी जीव लावत राहा.

तुमची भाची

१९ मार्च

चि. भाचीबाईस अ. उ. आ.

टेबल गेलं तर जाऊ दे. तुझ्या साहेबाला फोन केला. गरिबांना गोड चित्रं बघायला आवडतात, हे त्याने मला अर्धा तास समजावलं. फोन ठेवून हात साबणाने धुतले. त्याच्याकडून काम काढून घेतलंय. खोकी दुसरीकडे छापतोय: ‘पुएब्लो’, आणि खाली अनुवादक म्हणून तुझं नाव. तुझ्या आईला सांगून टाकलं. रडली, मग नाव केवढ्या अक्षरात येणार ते विचारलं.

भांडायला का होईना, लिहीत राहा.

मामा

ता. क. ‘कांपो’ म्हणणाऱ्या त्या गोदामातल्या लोकांची चौकशी केली. सगळे शहरात जन्मलेले.