झांजा गोधडीत

२ जून, सोमवार
ठरलं. जजसाहेबांचं काम मी एकटी करणार. त्यांचा जुना, काचेच्या व्हॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर आणि नवे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, दोघांचं जमवून द्यायचं. स्पीकर दाराएवढे उंच. आत नेहमीचा कागदी कोन नाही, नुसता पातळ पडदा. त्या पडद्याला करंट द्यायला भिंतीत वेगळा प्लग. रविवारी साहेब ऐकायला येणार.
आमच्या दुकानाचा नियम आहे. मीटर काहीही दाखवू दे, बाबा ऐकून 'पास' म्हणाले तरच काम पास.
नववीत शाळा सोडली तेव्हा सगळे म्हणाले, या मुलीचं कसं होणार. रविवारी कळेल.

३ जून
जोडून बघितलं. मला बरं वाटलं. बाबा म्हणाले, "झांजा कुठायत? सगळं गोधडीतून आल्यासारखं येतंय."
बरोबरच आहे. झांजांसारखा उंच पट्टीचा आवाज आला की हे स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरचा जीव काढतात आणि व्हॉल्व मान टाकतो. पुस्तकात आहे. उद्या वायर मागच्या आठ ओहमच्या टोकावरून काढून चारच्या टोकावर. एका दिवसाचं काम.

४ जून
चारवर घेतली. झांजा खणखणीत! आई दुकानामागच्या घरातून ओरडली, "अगं, कान फुटतील माझे!"
बाबा म्हणाले, "अजून गोधडीच."
आईला यातलं काही कळत नाही.

५ जून, दुपारी
व्हॉल्व बदलले. गोधडी. वायर जाड घेतली. गोधडी. स्पीकर भिंतीपासून चार फूट पुढे ओढले. गोधडी, आणि माझी पाठ गेली.
दुकानाची बेल पण बाबांना ऐकू येत नाही. जुनी झालीय. घरी टीव्ही फुल लावतात, म्हणजे टीव्हीचाही स्पीकर गेलाय. आमच्याकडच्या वस्तूंनी सगळ्यांनी मिळून संप केलाय.

६ जून
जेवताना दादा म्हणाला, बाबांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. मी ताटातून मान वर केली नाही. आधी वस्तू तपासायची, मग माणसाला नावं ठेवायची. बाबांनीच शिकवलंय. म्हणजे ते फक्त "आधी फ्यूज बघ" म्हणाले होते, पण अर्थ तोच.
नंतर बाबांना दोनदा विचारलं, चहा ठेवू का. उत्तर नाही. चूक माझीच. मी पुटपुटते. शाळेतही बाई म्हणायच्या, "तोंड उघड." दादा म्हणतो, "तुझ्या जिभेचा फ्यूज उडालाय."
संकल्प: मोठ्याने बोलायचं. रोज दहा वाक्यं.

७ जून
दुकानाला नवी बेल लावली. समोरच्या शिंप्याचा कुत्रा दचकून उठला. बाबा सोल्डरिंग करत राहिले. कामात एवढे गुंग होतात ना.
आजची वाक्यं: तीन. एक कुत्र्याला.

८ जून, रविवार, सकाळी दहा
बाबा स्पीकरसमोर बसले. डोळे मिटले. मी रेकॉर्डवर सुई टेकवली.
आवाजच नाही.
खाली बघितलं तर स्पीकरचे प्लग बाहेर. आईने काल इस्त्री लावायला काढले असणार. मी वाकून एक प्लग उचलला, तेवढ्यात बाबा मांडीवर ताल धरत म्हणाले, "हां. आत्ता आल्या झांजा. पास!"
मग त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातातला प्लग बघितला. खूप वेळ बघितला.
मी प्लग लावले. पडद्यांत करंट भरायला थोडा वेळ लागतो. मग झांजा आल्या, खणखणीत. बुधवारपासून अ‍ॅम्प्लिफायर व्यवस्थित होता.
बाबा म्हणाले, "ऐकू येत नाही हे लोकांना कळू नये म्हणून ताल धरतो गं. सहा महिने झाले. आज वाटलं, उरलंसुरलंही गेलं." मग म्हणाले, "यापुढे पास तू म्हणायचं."

त्याच दिवशी, दुपारी
साहेब आले. पूर्ण रेकॉर्ड ऐकली. मग सवयीने बाबांकडे वळून म्हणाले, "काय मिस्त्री, पास?"
बाबांनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, "पास." आई आतून बघायला आली.
बाबांनी साहेबांना विचारलं, "म्हणाली का?"
आजची वाक्यं: एक.
पुटपुटले नव्हते मी.