कोपऱ्यातला प्रिंटर

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिंटर आला. चौघांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर आणला आणि चाळीस जणांनी तो कुठे ठेवायचा ते सांगितलं. साहेबांना तो त्यांच्या दारासमोर हवा होता, दावे विभागाला त्यांच्या खिडकीखाली. शेवटी पॅसेजच्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राला चिकटून ठेवला. वीज आणि पाणी शेजारी-शेजारी! विमा कंपनी म्हणे. धोका ओळखण्याचा पगार घेतात.

४ फेब्रुवारी

दिवसभर केबल. टेबलांखाली रांगत होतो, वरून बिस्किटांचा चुरा अंगावर पडत होता. संध्याकाळी सगळी यंत्रं जोडली गेली. साहेबांनी चाचणीचं पान काढलं, हातात धरून म्हणाले, "पण हे रिकामं का?" उलटं धरलं होतं.

६ फेब्रुवारी

सकाळी सगळीकडून एकच ओरड – प्रिंटर सापडत नाही! प्रिंटर जागेवरच होता. वीज गेली-आली, नेटवर्कने त्याला नवा पत्ता दिला आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसले. कायमचा पत्ता ठरवून दिला. पाच मिनिटांचं काम. हे समजावून सांगायला दोन तास गेले, आणि शेवटी दावे विभागाचा मुख्य म्हणाला, "म्हणजे यंत्र बिघडलंय तर." गाढवापुढे वाचली गीता.

मग टेबलांवरचे जुने छोटे प्रिंटर गोळा केले. सगळ्यांनी दिले. फक्त एकीने नाही. पत्रं तपासणाऱ्या ताई. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्या आधी कागदावर काढून तपासतात, लाल पेनाने. अठ्ठावीस वर्षं इथे आहेत, म्हणून त्यांना वाटतं कंपनी त्यांच्या माहेरची.

"माझा प्रिंटर इथेच राहील," म्हणाल्या. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पॅसेजमध्ये समोरून गेलं तरी ओळख देत नाहीत. मी त्यांचं नाव महाराणी ठेवलंय.

७ फेब्रुवारी

साहेबांकडून चिठ्ठी आणली आणि महाराणींचा प्रिंटर उचलला. "प्रिंटरवाले, तुम्हाला कळत नाहीये तुम्ही काय करताय," म्हणाल्या. प्रिंटरवाले! पंधरा वर्षं अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो मी.

११ फेब्रुवारी

महाराणींचा नवा खेळ. कळ दाबतात आणि खुर्ची मागे सारून कोपऱ्याकडे धावतात. धावता धावता आज कचऱ्याच्या डब्याला धडकल्या. प्रिंटरपुढे अशा उभ्या राहतात की मागच्याला काही दिसू नये. कागद पालथे उचलतात, छातीशी धरतात, आणि काम झालं की कागद फाडायच्या यंत्रात घालतात. कसली एवढी गुपितं? नक्कीच कुणाची तरी खाजगी कामं करून देत असणार.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घरातला नळ तीन आठवडे गळतोय. तोही नेटवर्कवर घ्या, म्हणजे लक्ष जाईल." हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी विचारलं, कागद इतका कुठे जातोय? वाटच बघत होतो. नव्या प्रिंटरमध्ये प्रत्येकाची नोंद राहते. आठवड्याची यादी काढली. बाकीच्यांची पन्नास-साठ पानं. महाराणी – अकराशे चाळीस! खाली शेरा लिहिला : 'सदर कर्मचाऱ्याच्या वापराची चौकशी व्हावी.' साहेब वाचून म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि आता हे धंदे?" येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारी, चोवीस तारखेला, त्यांना केबिनमध्ये बोलावणार आहेत.

फार दिवसांनी समाधान वाटलं. आपलं काम कुणीतरी वाचतं.

१७ फेब्रुवारी

कागद अडकला. झाकण उघडून ओढून काढला. महाराणींचा. साधं ग्राहकाचं पत्र, पण अक्षरं अंगठ्याएवढी. एका पानावर जेमतेम दहा-बारा शब्द. हसूच आलं. म्हणजे गुपित वगैरे काही नाही, बाईंनी छपाईचा आकार कुठेतरी चौपट करून ठेवलाय आणि तो कमी कसा करायचा हे माहीत नाही! अठ्ठावीस वर्षांचा अनुभव.

त्या जेवायला गेल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवर आकार सरळ केला. पुन्हा उद्योग करू नयेत म्हणून माझा पासवर्ड लावून बंद केला. विचारलं नाही. विचारून काय कळणार होतं.

१८ फेब्रुवारी

महाराणींची आज फक्त चौदा पानं. दोनदा त्यांचा फोन आला, उचलला नाही.

२० फेब्रुवारी

खाली चौकशीच्या खिडकीवर एक बाई आल्या होत्या. नवरा महिन्यापूर्वी गेला. त्याच्या विम्याचं पत्र त्यांच्या नावाने जायचं होतं, ते गेलं नवऱ्याच्याच नावाने. खाली नेहमीची ओळ – 'आपणास उत्तम आरोग्य लाभो.' बाईंनी आरडाओरडा केला नाही. पत्र खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाल्या, "हे त्यांना कुठे पोचवू?"

खिडकीवरच्या पोरीला रडू फुटलं. साहेब जिने उतरून खाली आले, हात जोडले.

पत्र तपासल्याची सही महाराणींची. वर सगळे कुजबुजत होते – ताईंच्या हातून चूक? कधीच झाली नव्हती म्हणे. मी म्हटलं, दिवसभर लक्ष कागद लपवण्यात, दुसरं काय होणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी स्टोअरमध्ये केबल आणायला गेलो. ताई तिथे होत्या. झरोक्याखाली स्टुलावर उभ्या, हातात एक पत्र, नाकाला टेकेल इतकं जवळ. कागद डावीकडे नेत होत्या, मग मान उजवीकडे वळवून डोळ्याच्या कडेने बघत होत्या. एक ओळ वाचायला किती वेळ लागला ते मी दारात उभं राहून बघितलं. मग स्टूल हललं. मी धावून धरलं.

"कोण?" म्हणाल्या. दोन हातांवर होतो मी.

"मी. प्रिंटरवाला."

खाली उतरल्या. पदराने डोळे पुसले. रडत नव्हत्या, पाणी येत होतं.

"ताई, दिसत नाही का?"

"दिसतं. मोठं असलं की दिसतं."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. मधलं गेलंय. कडेचं राहिलंय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकेल." मग म्हणाल्या, "तीन वर्षांतली माझी एक चूक दाखवा."

मी स्टूल भिंतीला लावलं.

"एकच आहे. कालची. ती तुमची."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी केबल उचलली आणि निघून आलो. पायऱ्यांवर आठवलं – चौकशीचा शेरा माझ्या अक्षरात साहेबांच्या टेबलावर पडलाय.

२२ फेब्रुवारी

आज ऑफिस बंद. पहारेकऱ्याला सांगून वर गेलो. पासवर्ड काढला, आकार पुन्हा चौपट केला. स्टोअरमधून त्यांचा जुना प्रिंटर शोधून टेबलावर ठेवला, जोडला, पान काढून पाहिलं.

साहेबांना खरं सांगावं का? सांगितलं तर ते हळहळतील, खुर्ची पुढे ओढून पाणी देतील, आणि आठवड्यात ताईंना घरी बसवतील. मी ओळखतो त्यांना.

नळाचा वायसर बदलला. बायकोने नळ दोनदा उघडून-बंद करून बघितला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताईंना बोलावलं तसा मीही आत गेलो. दार उघडंच होतं. म्हटलं, साहेब, ती यादी चुकीची आहे, मोजणी मीच नीट लावली नव्हती, एका पानाची वीस धरत होती. आणि त्या बाईंचं पत्र ताईंनी दुरुस्त केलं होतं, जुनं नेटवर्कवर अडकून राहिलं होतं, तेच छापून गेलं. ताई टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभ्या होत्या.

साहेब उठून उभे राहिले. बाहेरच्या चाळीस जणांना ऐकू जाईल असं विचारलं, "पंधरा वर्षं झाली आणि तुम्हाला एक प्रिंटर धड जोडता येत नाही?"

म्हटलं, नाही येत.