खाली रखना

१२ एप्रिल, शनिवार
गाडी घेतली. हायब्रिड. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर. सेकंडहॅण्ड आहे, पण बोलताना 'प्री-ओन्ड' म्हणायचं ठरवलं आहे. रीडिंग दोन लाख अकरा हजार किलोमीटर. आधीचा मालक ट्रॅव्हल्सवाला. हे फक्त इथे लिहितो आहे, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

सांगलीहून जबलपूरला बदली होऊन चौदा महिने झाले. चौदा महिने रोज सकाळी रस्त्यावर उभं राहून ऑटोवाल्यांना 'खाली है क्या' विचारत बँकेत पोचलो. आता ते बंद.

बायको सुमेधा, मुलगी सलोनी आणि मी वर राहतो, घरमालकीण अनसूयाताई खाली. ताई गाडी बघायला बाहेर आल्या. किती चालली, विचारलं. मी बटण दाबून ट्रिप मीटर लावला होता, त्यावर ४१ दिसत होतं. चाळीस-एक, म्हणालो. अच्छा, चाळीस हजार म्हणजे नवीनच आहे की, असं त्याच म्हणाल्या. हजार मी म्हणालो नव्हतो. तरी कान गरम झाले.

२० एप्रिल, रविवार
संकल्प: एवढी चाललेली गाडी म्हणजे मेंटेनन्स आधी. ओमतीजवळ दुबेजींचं गॅरेज आहे, हायब्रिडमधलं त्यांना कळतं म्हणतात. गेलो. दुबेजींनी मागची सीट काढून अर्धा तास तपासलं. मग रीडिंग मोठ्याने वाचलं. दोन लाख ग्यारह हजार. चहा पिणारी दोन माणसं वळून बघायला लागली. मी लगेच फोन कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं. दुबेजी बॅटरीबद्दल बरंच काही समजावत होते, पण मी फोनवर असल्यामुळे ते नीट ऐकता आलं नाही. शेवटी म्हटलं, लिहून द्या.

त्यांनी लिहून दिलं ते असं:
१. पीछे सामान हो तो जाली वाली जगह खाली रखना।
२. जाली के अंदर पंखा और फिल्टर साफ।
३. इन्वर्टर का कूलेंट।
४. गियर का तेल।
५. ब्रेक का तेल।
बाकी सब शौक है।

समझ गए न सर, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हिंदी तो हमारा ही है. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

सुमेधा म्हणाली, यादी ताईंना दाखव, त्यांनी चौतीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलंय. मी फक्त हॉलमधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. बँकेच्या हिंदी पंधरवड्यातलं निबंध स्पर्धेचं सर्टिफिकेट. प्रोत्साहन पुरस्कार. स्पर्धक चार होते, हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार
यादीतला पहिला मुद्दा पूर्ण. मागच्या सीटच्या कडेला, अगदी पायापाशी जाळी सापडली. मागे सामान असेल तर ते जाळीच्या जागी खाली ठेवायचं. कारण उघड आहे: वजन खाली राहिलं की बॅलन्स चांगला. सतरंजीची घडी, मोठी छत्री आणि पूजेसाठी ग्वारीघाटावरून आणलेला नर्मदेच्या पाण्याचा कॅन, असं सगळं जाळीला टेकवून खाली ठेवलं. मापानं करून घेतल्यासारखं बसलं. खर्च शून्य. एका दिवसात वीस टक्के काम.

२७ एप्रिल, रविवार
आज मुद्दा दोन ते पाच करायचे होते. पण आधी माणसाला दिसतं काय? सीट. बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन मरून रंगाचं कापड घेतलं, कव्हरं शिवायला टाकली. मागच्या काचेवर 'नर्मदे हर' चिकटवलं. परफ्यूमची बाटली. दुबेजी याला शौक म्हणतील. दुबेजींना बँकेच्या पार्किंगमध्ये गाडी लावावी लागत नाही.

४ मे, रविवार
बेचाळीस डिग्री. मागून पंख्याचा आवाज येतो. सलोनी मागे बसली होती. म्हणाली, पप्पा, पीछे हेयर ड्रायर चालू आहे का? मी तिला दहा मिनिटं हायब्रिड टेक्नॉलॉजी समजावून सांगितली. ती गप्प बसली. पंधरा वर्षांची मुलगी बापाचं ऐकून गप्प बसते, हे हल्ली कुठे दिसतं? नंतर पाहिलं तर कानात इअरफोन होते.

मुद्दा दोन ते पाच: पुढच्या आठवड्यात नक्की.

१० मे, शनिवार
ॲव्हरेज एकोणीसवरून तेरावर. कारण उन्हाळा. दुसरं कारण सुमेधा पुढे बसते, पण ते बोलायचं नाही.

संध्याकाळी ताईंकडे चहा. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन महिने थांबून २० तारीख मिळाली. डाव्या डोळ्यानं भिंग धरल्याशिवाय अक्षर दिसत नाही, आणि भिंग धरून चार ओळी वाचल्या की डोकं दुखतं. टीपॉयवर पेपरांची चवड होती, घडीही न मोडलेली. म्हणाल्या, पूर्ण जिंदगी वाचण्यात गेली, आता हेडिंग पाहून ठेवून देऊन राहिले. पुतण्या पुंडलिक नागपूरहून येऊ शकत नाही, म्हणून ऑटो सांगून ठेवणार होत्या.

मी म्हणालो, दारात गाडी असताना ऑटो कशाला?

ताई म्हणाल्या, पण जाईल ना चिंतामणीजी? साडेनऊला बोलावलं आहे. डॉक्टर मंगळवारीच करतात, अन् पुढं महिनाभर सुट्टीवर चालले.

शब्द दिला. सुमेधा माझ्याकडे बघत होती. मी बिस्किटांकडे बघितलं.

संकल्प: वीस तारखेच्या आत मुद्दा दोन ते पाच. लेखी संकल्प आहे हा.

१७ मे, शनिवार
काल संध्याकाळी डॅशबोर्डवर पिवळा त्रिकोण लागला. सुमेधा म्हणाली, आत्ताच्या आत्ता दुबेजींकडे ने. गेलो नाही. कारण लिहून ठेवतो: ते परत सगळ्यांसमोर रीडिंग वाचतील. आणि विचारतील, फिल्टर साफ केलं का. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस गृहपाठ न केलेल्या पोरासारखा तिथे उभा राहणार, ते नको.

आज सकाळी त्रिकोण आपोआप गेला. गाडीनं स्वतःच दुरुस्त करून घेतलं. उगाच नाही हायब्रिड म्हणत.

२० मे, मंगळवार, सकाळी ७
गाडी पुसली. येताना ताईंना टेकायला लागेल म्हणून उशी घेतली. तीही नियमाप्रमाणे जाळीशी, खाली ठेवली. सुमेधा शिकवते त्या शाळेचं ट्रेनिंग आहे, त्यामुळे मी एकटाच नेणार. ऑपरेशन झाल्यावर ताई पहिला पेपर माझ्यामुळे वाचतील. बरं वाटतं आहे.

२० मे, दुपारी ३
लिहावंसं वाटत नाही.

ओमती चौकात, पोलीस ठाण्यासमोर, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि गाडी बंद पडली. नऊ वाजून दहा मिनिटं. स्क्रीनवर इंग्रजीत लांबलचक वाक्य. बटण दाबलं, परत दाबलं. एसी बंद, मागून गरम हवा. ताई मांडीवर फाइल धरून मागे बसल्या होत्या, इस्त्रीची पांढरी साडी. विचारलं, काहून थांबलो?

मी म्हणालो, सिग्नल आहे.

पाच मिनिटांनी परत विचारलं. मी परत म्हणालो, सिग्नल आहे. सिग्नल तोवर तीनदा हिरवा झाला होता. ताईंना तो दिसत नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच म्हणालो.

मग हवालदार आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, अंकल, गाड़ी साइड में लो, पंद्रह मिनट से खड़े हो. ताईंनी ते ऐकलं. पदरानं मान पुसली.

गाडी ढकलली. 'नर्मदे हर'वर लोकांचे तळवे होते. ऑटो मिळेना, जे येत होते ते भरलेले. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा पावणेअकरा. डॉक्टरांची आजची यादी भरली होती. पुढची तारीख २४ जून.

परत येताना ऑटोत ताई म्हणाल्या, चलो, एवढे दिवस गेले, आणखी महिना. मला त्यांनी बोलायला हवं होतं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मे, बुधवार
रजा टाकली. गाडी दोरीनं ओढून दुबेजींकडे. त्यांनी मागचं दार उघडलं आणि एकेक वस्तू बाहेर काढली. उशी. कॅन. छत्री. सतरंजी. जाळीच्या आत बोटभर जाडीचा धुळीचा थर. म्हणाले, सर, बैटरी यहीं से सांस लेती है. आपने तो नाक में कपड़ा ठूंस दिया.

मी खिशातून यादी काढली. म्हटलं, आपनेच लिखा है. त्यांनी वाचली. परत वाचली. म्हणाले, यही तो लिखा है. माझा आवाज चढला. गिऱ्हाइकं जमली. मी सर्टिफिकेटचाही उल्लेख केला. तो करायला नको होता.

दुबेजींची हिंदी सदोष आहे. निर्णय एखाद्या जाणकाराकडून घ्यावा.

२१ मे, संध्याकाळी ६
यादी घेऊन ताईंकडे गेलो. सांगितलं की कालच्या प्रकाराला खरं तर दुबेजींची भाषा जबाबदार आहे, तुम्हीच बघा. त्यांनी खिडकीपाशी जाऊन भिंग धरलं. डाव्या डोळ्यानं पहिली ओळ वाचली. बराच वेळ लागला. मग शांतपणे विचारलं, चिंतामणीजी, तुम्ही रोज सकाळी गेटवर ऑटोवाल्याला काय विचारत होते?

मी म्हणालो, खाली है क्या.

अच्छा, म्हणाल्या. मग त्याचा अर्थ काय?

रिकामी. चौदा महिने, रोज, रिकामी. इतकी वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, त्यांनी उत्तर मला स्वतःला द्यायला लावलं. मला जमिनीकडे बघवेना, त्यांच्याकडे तर नाहीच नाही. फुकट करायचं होतं ते एकच काम, आणि तेच उलटं केलं. डोळे त्यांचे गेले महिनाभर.

तेव्हाच किलोमीटरचंही सांगून टाकलं. दोन लाख अकरा हजार. ताई म्हणाल्या, सलोनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही सांगाल, म्हणून वाट पाहून राहिले.

सिग्नलचं काही मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

उठताना म्हणाल्या, २४ जूनपर्यंत रोज संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवा. हिंदी. मी हो म्हणालो. टीपॉयवर साठलेले सगळे पेपर धरून, म्हणाल्या.

२२ मे, गुरुवार
पहिला दिवस. दीड पान वाचलं. ताईंनी अकरा ठिकाणी थांबवलं. 'हिंदी हमारी' असं तीनदा म्हणून घेतलं. वर आल्यावर सर्टिफिकेट उतरवलं. भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला आहे. सलोनीनं बघितलं. कानात इअरफोन नव्हते.

२३ मे, शुक्रवार
गाडी अजून दुबेजींकडे. यादीतले पाचही मुद्दे करायला सांगितले, त्याच क्रमानं. सकाळी बँकेत जायला गेटवर उभा राहिलो. ताई खिडकीत बसल्या होत्या. ऑटो आला, हळू झाला. रिकामा होता, दिसत होतं. तरी 'खाली है क्या' विचारवेना. नुसता हात केला.