‘बोल’ म्हटल्यावर

आई, काल शहापूरच्या दवाखान्यात समुपदेशक बाई मला नुसतं "बोला" म्हणाली आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. माझ्याहून लहान पोर ती. हातात साधं पेनसुद्धा नव्हतं.

बाळंतपणानंतर मी गप्प झाले, तू झाली होतीस तशीच. लेक रडायला लागली की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, कधी तर तिलाच आपटावंसं वाटतं. किन्हवलीला सासूबाईंनी बाहेरचं उतरवायला भगताचा विषय काढला, तेव्हा मी तान्ह्या पोरीला उचललं आणि एसटी पकडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड बिघडलंय, त्याची गोळी चालू आहे, आणि शिवाय ही बोलायची खोली.

वैशाखरे गावातलं आपलं घर डोळ्यांपुढून हलत नाही. माझा धाकटा भाऊ तान्हा, आणि तू त्याला जवळ घेत नाहीस. मिरच्यांच्या धुरीने सगळ्यांना ठसका लागलाय. बाबांनी तुझे केस मुठीत धरलेत आणि भगताचा निरगुडीचा फोक तुझ्या पाठीवर सपासप बसतोय. "बोल! कोण हायस तू? बोल!" दर फटक्याला तू एकच सांगतेस, "मी हाय वो, मीच हाय." ते उत्तर कुणालाच नको होतं. ओठ फुटला, पोलकं रक्ताने पाठीला चिकटलं, तेव्हा कुठे तू मेलेल्या आत्याचं नाव घेतलंस आणि फोक थांबला. उतरलं, म्हणाले सगळे. त्यानंतर मरेपर्यंत तू कामापुरतंच बोललीस. त्या भगताचे हात मोडावेत असं मला अजून वाटतं, बाबांचेही.

बाई म्हणाली, "घाबरलं की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं. तुमचं अंग अजून मार चुकवायच्या तयारीत आहे. बोलत राहिलात आणि फटका आला नाही, की हळूहळू अंगालाही ते पटतं. लगेच नाही होत, आणि गोळी सोडायची नाय हां."

तुझ्या अंगाला हे कुणी पटवून दिलंच नाही गं.

मग मी बोलले. धूर, फोक, रक्त, सगळं सांगितलं. फक्त, मार खाणारी ती आमची शेजारीण होती, असं म्हणाले. एवढा मार खाताना तू ‘मीच हाय’ म्हणत राहिलीस, आणि मला कुणी बोटही लावत नव्हतं तरी तुला माझी आई म्हणता आलं नाही.