चरापाशी थांबणारी घोडी

१६ एप्रिल १९९६

घोडी आणली! ह्या वयात लोक काशीला जातात. ह्यांनी घोडी आणली.

पापनाशम स्टेशनबाहेर टांगा उभा करायचा तो चिदंबर, त्याची. आता सगळे ऑटोत बसतात, टांग्याला कोण विचारतं? टांगा मोडून सरपणाला गेला. घोडी उरली, ती आमच्या दारात. चिदंबर धोतराने डोळे पुसत होता. हे त्याला बाजूला घेऊन कडुनिंबाखाली बराच वेळ बोलत बसले. काय खाते, कशाला भिते, सगळं विचारून घेतलं म्हणे. माझ्याशी लग्न करताना माझ्या बापाला इतकं विचारलं नव्हतं.

हे सगळं त्या गुरुमूर्तीमुळे. ह्यांचा कॉलेजातला मित्र, उटीला चहाच्या मळ्यावर असतो. पोंगलला आला होता. तिकडे घोड्यावरून शिकारीला जातात म्हणाला. शिकार म्हणजे शिकार नव्हे, कोल्हा मारायला सरकारची मनाई आहे. एक माणूस कोल्ह्याच्या वासाचं पोतं ओढत पुढे जातो, मागून कुत्री, कुत्र्यांमागून घोडे. वाटेत चर येतात, ते घोड्यावरून उडून ओलांडायचे. ‘हं, त्यात काय!’ असं हे जोरात बोलून बसले. पूर्वी पी.डब्ल्यू.डी.त होते, कालवे तपासायला घोड्यावरून फिरायचे. ते दिवस गेले, गुडघे पण गेले. जीभ तेवढी शाबूत आहे.

बासष्ट वर्षांचा माणूस पोत्यामागे धावणार.

१८ एप्रिल

चिदंबर तिला पोन्नी म्हणायचा. ह्यांनी नाव बदलून भवानी ठेवलं. सकाळभर भवानी भवानी करत होते. तिने कान सुद्धा हलवला नाही. मी ‘पोन्नी’ म्हटलं, आली.

शेवग्याची कोवळी फांदी खाल्ली. माझी.

२६ एप्रिल

शिकवणी सुरू. आधी बांबू जमिनीवर टाकला नि तिला वरून चालवलं. मग बांबू दोन विटांवर. ते सगळं तिने नीट केलं, चिमुकली उडी पण मारली. हे खूश! आमचे पूर्वज तंजावरात घोड्यावरून आले, रक्तातच आहे, असं मला सांगू लागले. मी म्हटलं, पूर्वज आले असतील, तुम्ही मोपेडवरून येता. आणि तिच्यावरूनही पडता.

खोटं नाही. गेल्या वर्षी कालव्याच्या मोरीवर पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. तीन महिने ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावली. न्हाऊ मी घातलं. मला तो विषय पुन्हा नको आहे.

१ मे

आज खरा चर. शेतातला पाट सध्या कोरडा आहे, फार रुंद नाही. मी परकरात असताना असले पाट उडायची. हे लांबून घोडी दौडत आणतात, काठ जवळ आला की ओरडतात, ‘पळ! पळ!’ आणि ती थांबते. गच्च. पुढचा एक पाय उचलून हवेत धरते, जमीन चाचपते, मागे सरते. हे तिच्या मानेवर.

घरात हे अर्धं तमिळ बोलतात. घोडीशी मात्र शुद्ध मराठी! मराठ्यांची घोडी आहे म्हणाले.

गवत कापणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. मी पण.

७ मे

हरिणी सुट्टीला आली. सुरेंद्रची मुलगी, आमची नात. मद्रासला शिकते. मी मराठीत बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते. सगळं समजतं, तोंडातून येत नाही. ही डायरी पण तिच्या बापाच्या बँकेची. घरात देवनागरी वाचता येतं ते फक्त मला, ते सुद्धा तिसरीपुरतं. म्हणून मनात येईल ते लिहिते. ह्यांच्या उशाशी ठेवली तरी भीती नाही.

हरिणीला गूळ घेऊन पाटाच्या पलीकडे उभं केलं. इकडून हे ‘पळ!’, तिकडून ती ‘पळ अज्जा पळ!’ मराठीतला एवढा एक शब्द पोरीच्या तोंडून आला म्हणून मी पण सुरात सूर मिसळला. तिघांनी गळा फाडला. घोडी थांबली. शेवटी गूळ हरिणीनेच खाल्ला.

खरं सांगू, मला बरं वाटतं. थांबते तोवर ह्यांची हाडं जागेवर आहेत.

१३ मे

मीच शिकवते म्हटलं. शेजारची म्हैस पुढे घातली. म्हैस पाट ओलांडेल, तिच्यामागे घोडी जाईल असा माझा हिशोब. म्हैस पाटात उतरून बसली. मी दोर ओढत होते, तो सुटला, मी म्हशीवर. हरिणीने फोटो काढला. नऊवारी नेसले असते तर निदान पाय नीट झाकले असते.

हे इतके हसले की ठसका लागला. कित्येक वर्षांत असे हसले नव्हते. पाठ दुखते आहे. दुखू दे.

२० मे

चिदंबर घोडीला भेटायला आला. तळ्यावर धुवून आणतो म्हणाला. मी पण कपडे घेऊन मागून गेले. रस्त्यात फोनच्या वायरसाठी सगळीकडे खणून ठेवलंय, आमच्याकडे आहेच, आता घरोघर फोन येणार आहेत. एक खणलेला चर आला. चिदंबर हळूच, तोंडातल्या तोंडात म्हणाला, ‘पळ्ळम्, पळ्ळम्.’ घोडी जागच्या जागी थांबली. पाय उचलला, जमीन चाचपली. अगदी आमच्या पाटावर करते तसं. पुढच्या खड्ड्याला परत तेच.

मी तिथेच उभी राहिले. बादली हातात.

पळ्ळम् म्हणजे खड्डा! जन्मभर तमिळ बोलते आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आपण ‘पळ’ म्हणतो, ती ‘पळ्ळम्’ ऐकते. पुढे खड्डा आहे, थांब बाई. टांगा ओढताना आयुष्यभर हेच शिकली. आम्ही तिघं गळा फाडून तिला थांबच सांगत होतो.

चिदंबरला काही बोलले नाही. घरी आले. हे विचारत होते, काय झालं, अशी का बघतेस? ऊन लागलं म्हटलं.

२१ मे

सांगितलं नाही. गळ्याजवळचं हाड आठवलं.

२५ मे

गुरुमूर्तीचा फोन. ह्यांनी त्याला सांगितलं, काय करणार, घोडीच मंद निघाली, यंदा जमेलसं दिसत नाही. फोन ठेवला आणि चार दोसे खाल्ले. रोज दोन खातात. दुःखात माणूस जास्त खातो. माझी आई पण अशीच होती.

मला दोसा गिळवला नाही.

२८ मे

हल्ली सकाळी शेताकडे जात नाहीत. ओट्यावर पेन्शनवाल्यांची बैठक असते, तिथे बसतात. कुणाची साखर किती, कुणाला कुठला डॉक्टर. हे मान हलवत असतात.

घोडी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघते. मला दोघांचा पण राग आला.

३० मे

देवळासमोर फुलं विकते ती राजम. सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, ‘काय मामी, सारांची घोडी म्हणजे टाउन बस झाली म्हणे, प्रत्येक पाटाला स्टॉप?’ सार म्हणजे आमचे हे. बायका हसल्या. मी तिला म्हटलं, तुझा नवरा सात वाजता दारूच्या दुकानासमोर थांबतो, त्याला आधी पुढे काढ. मग माझ्या घोडीचं बघ.

पण घरी येईतोवर डोकं तापलं होतं. माझ्या नवऱ्याला मी हसेन. राजम कोण?

आल्या आल्या ह्यांना सांगितलं. पळ आणि पळ्ळम्, सगळं. उद्या तोंड उघडू नका, गप्प राहून घोडी आणा, उडते की नाही बघा. वाटलं होतं उडी मारतील आनंदाने. चेहरा पांढरा पडला. पहिलं काय विचारलं तर, ‘तुला कुणी सांगितलं?’

मी म्हटलं, माझ्या कानांनी. हे उठून आंघोळीला गेले ते पाणी संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. बायकोला कळलं ते आपल्याला कळलं नाही, म्हणून लाज वाटली असेल.

मी दहा दिवस गप्प होते, ते मात्र सांगितलं नाही.

३१ मे

उडाली!

हरिणीच्या तोंडात मी गुळाचा खडा कोंबला होता, ओरडायला नको म्हणून. हे आले, ओठ घट्ट दाबलेले, जणू एरंडेल प्यायलेत. घोडीने पाट पाहिला, कान पुढे केले आणि गेली. पक्ष्यासारखी नाही, टांग्याच्या घोडीसारखीच, धप्पकन. पण पलीकडे! हे पाठीवर होते. खाली उतरून तिच्या मानेला धरून उभे राहिले. मग परत चढले, आपणहून. मी सांगितलं नव्हतं.

१४ जून

रोज उडतात. आता रुंद पाट पण. कालपासून पाणी आलं, तर पाण्यावरून सुद्धा. राजमच्या दुकानासमोरून घोडी मुद्दाम दोनदा नेली. हरिणी मद्रासला गेली. जाताना मला म्हणाली, ‘अज्जी, तू पण चल उटीला.’ मराठीत! मी लक्ष नाही असं दाखवलं, नाहीतर पोर लाजून परत बंद होईल.

जाणार आहे. कुणीतरी बटणं लावायला हवं.

७ जुलै, उटी

थंडी म्हणजे काय थंडी. घोडी केळ्यांच्या लॉरीतून आली, आम्ही बसने. बाकीचे लाल कोट घातलेले, ह्यांना सुरेंद्रचा रेनकोट. गुरुमूर्ती ह्यांना म्हणाला, तुळजाजी, पोस्टमन दिसतोस. हे हसले. रात्रभर झोपले नव्हते, ते मला माहीत.

शेवटचा चर मोठा होता, खाली चिखल. मी तिथेच काठावर जाऊन उभी राहिले. पुढचा एक जण घोड्यासकट त्यात गेला, दोघांनी धरून बाहेर काढला. हात लोंबत होता. मागून हे येत होते.

माझ्या तोंडाशी शब्द आला. एकच शब्द. मोठ्याने म्हटला असता तर पोन्नी जागच्या जागी थांबली असती, आणि का थांबली ते तिथे कुणालाही कळलं नसतं. पदराचा बोळा केला आणि तोंडात घातला.

हे अगदी माझ्या समोरून गेले. ओठ मिटलेले. उडाली.

पोतं सापडलं तेव्हा हे सगळ्यांच्या मागे होते. रात्री सूप प्यायले. बटणं स्वतः काढली.

१४ जुलै

चिदंबर आला, घोडीची खुशाली विचारायला. उटीचं सगळं सांगितलं. फार खूश झाला. म्हणाला, ‘म्हणजे सारांनी माझं ऐकलं, अम्मा. घोडी देतानाच सांगितलं होतं मी, झाडाखाली. टांग्यात बसून तुमची मराठी पोरं पळ पळ ओरडायची नि ही मधेच थांबायची. उडवायची असेल तर पळ म्हणू नका, सार. थांबवायची असेल तरच म्हणा.’

हे ओट्यावर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चिदंबरला कॉफी दिली, आणखी दिली.

म्हणजे महिनाभर, प्रत्येक पाटाला, ठाऊक असून पळ पळ ओरडत होते.

आणि त्या मोठ्या चरापाशी ह्यांचे ओठ मिटलेले होते. मी समोर उभी होते. मी पाहिलंय.